शर्यतीच्या गाडीची हिवाळी झाडाझडती

इंग्लंडमध्ये हौशी मोटार शर्यतींचा हंगाम साधारण मार्चअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरात आटोपतो. शेवटची शर्यत झाली, गाडी ट्रेलरवरून घरी आली, की मालकाचे हात शिवशिवायला लागतात. इंजिन उतरवावं, कार्ब्युरेटर बदलावेत, जमलंच तर नवा कॅमशाफ्ट टाकावा. पण त्याआधीचं एक काम अगदीच बिनकौतुकाचं आहे आणि ते थंडी पडायच्या आत व्हायला हवं. इंजिनातलं पाणी काढून टाकायचं.

बरेच शर्यतवाले रेडिएटरमध्ये गोठणरोधक ग्लायकॉल घालत नाहीत, कारण ट्रॅकवर सांडलं तर ते निसरडं होतं आणि लवकर वाळतही नाही. मग आत नुसतं पाणी राहतं. नोव्हेंबरातल्या एखाद्या रात्री पारा शून्याखाली उतरला की ते गोठतं, त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि बिडाचा ब्लॉक चिरतो. ब्लॉकच्या अंगावर ठोकलेले पत्र्याचे गोल कोअर प्लग कधीकधी आधी बाहेर ढकलले जातात आणि ब्लॉक वाचतो. पण तो नशिबाचा भाग. मुळात ती भोकं असतात ओतकामाची वाळू काढण्यासाठी. म्हणून ब्लॉकच्या कुशीतली छोटी तोटी उघडायची. बहुतेक वेळा तिच्यातून काहीच येत नाही, कारण आतल्या गंजाच्या गाळाने ती तुंबलेली असते. तार घालून टोचायचं, मग आधी तांबडा चिखल येतो आणि त्यामागून पाणी. रेडिएटर रिकामा झाला म्हणून इंजिनही रिकामं झालं असं समजणाऱ्याला जानेवारीत नवा ब्लॉक शोधत फिरावं लागतं.

गाडी कुठलीही असो, हिवाळ्याचं गणित थोडंफार हेच. आपण या लेखापुरती एमजी मिजेट धरू. एमजी म्हटलं की आज आपल्याकडे गुजरातेतल्या हालोलच्या कारखान्यातून निघणारी ऐसपैस हेक्टर आठवते. तिच्या नाकावरचा अष्टकोनी बिल्ला ज्या घराण्याचा, त्याच घराण्यातली मिजेट ही जुनी, अंगाने लहान गाडी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी १९६१ पासून १९७९ पर्यंत ती बनली. दोन माणसांची, उघडी, जेमतेम सातशे किलोंची. तिची थोरली बहीण ऑस्टिन-हीली स्प्राइट १९५८ मध्ये आली होती. तिचे दिवे बॉनेटवर डोळे वटारल्यासारखे बसवलेले. मिजेट दोन लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि जे मिळत नाहीत ते कुणीतरी नव्याने बनवून विकतं. हौशी माणसाच्या खिशाला ही गाडी सोसते ती त्यामुळेच.

तिच्या १२७५ सीसीच्या इंजिनाचं घराणं ‘ए सीरीज’. १९५१ मध्ये ऑस्टिनच्या ए-३० या छोट्या गाडीसाठी ते ८०३ सीसीचं म्हणून जन्मलं, पुढे मिनीत गेलं आणि २००० सालापर्यंत बनत राहिलं. त्याचा थोरला भाऊ ‘बी सीरीज’ आपल्या चांगला ओळखीचा आहे. त्याचा १४८९ सीसीचा अवतार अँबॅसडरच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षं धडधडत होता. ज्या मिस्त्रींनी अँबॅसडरची इंजिनं बांधली त्यांच्यापुढे मिजेटचं इंजिन उघडून ठेवलं तर त्यांना ते परकं वाटणार नाही. तोच बिडाचा जड ठोकळा, पोटात कॅमशाफ्ट, वर जाणारे पुशरॉड आणि तीच इंचातली मोजणी. क्रँक ‘दहा थाऊ’, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, घासायचा की ‘वीस थाऊ’ ही बोली बर्मिंगहॅमच्या आणि पुण्याच्या वर्कशॉपात एकच आहे.

शर्यतींच्या जागांचंही असंच एक नातं आहे. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, कॅसल कूम ही इंग्लंडमधली प्रसिद्ध मैदानं म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ. युद्ध संपल्यावर धावपट्ट्या ओस पडल्या आणि तिथे गाड्या धावू लागल्या. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरम इथेही युद्धकाळातल्या धावपट्टीवरच शर्यती रुजल्या. इंग्लंडमध्ये या हौसेला क्लबांनी घडी घालून दिली. एमजी कार क्लब १९३० चा, तर ७५० मोटर क्लब १९३९ चा. त्यांच्या शर्यतींत उतरणारा माणूस आठवडाभर नोकरी करतो, गाडी स्वतःच ओढून नेतो आणि बिघडली तर स्वतःच तिच्याखाली झोपतो.

अशा माणसाला हिवाळ्यात चार-पाच महिने मिळतात. त्याला वाटतं, हे गाडी वेगवान करण्याचे महिने. माझं मत वेगळं आहे. पुढच्या हंगामात काय तुटणार हे आधीच हुडकून काढण्याचे हे महिने असतात, आणि वेग वाढवण्याचं काम त्यातून उरलेल्या वेळात करायचं.

तुटणार म्हणजे काय, हे आधी पाहू. मिजेटच्या पिस्टनचा फेरा सुमारे ८१ मिलिमीटरचा. रस्त्यावरच्या मिजेटला ६,००० आरपीएम म्हणजे डोक्यावरून पाणी; शर्यतीत तेच इंजिन ७,५०० पर्यंत पिळतात. त्या वेगाने पिस्टन वरच्या टोकाला पोचून मागे फिरतो तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींच्या पुढे जातं. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून नुसते पाव किलो धरले तरी त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला आठशे किलोंच्या आसपास हिसका बसतो. शिवाय हा हिसका वेगाच्या वर्गाने वाढतो. ६,००० वरून ७,५०० म्हणजे वेग पाव पटीने वाढला, पण ओढ दीडपटीहून जास्त झाली.

आता फेऱ्या मोजू. शनिवार-रविवारचा सराव, पात्रता फेरी आणि शर्यती मिळून गाडी पाऊण तास धावली आणि सरासरी ६,००० आरपीएम धरलं, तर क्रँकच्या सुमारे पावणेतीन लाख फेऱ्या होतात. असे आठ शनिवार-रविवार झाले की हंगामाचा आकडा वीस लाखांच्या वर जातो. ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात जो भार लोखंड सहज पेलतं, तोच भार लाखो वेळा येत-जात राहिला तर ते तुटतं. पोलादापुरती दिलासा देणारी बाब म्हणजे भार एका मर्यादेखाली असेल तर तुकडा जवळजवळ कायमचा टिकतो. ही मर्यादा साधारण दहा लाख ते एक कोटी फेऱ्यांच्या पट्ट्यात स्पष्ट होते. म्हणजे आपला हौशी मालक नकळत दर वर्षी आपली गाडी नेमकी त्याच उंबरठ्यावर नेऊन उभी करतो. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. त्याचं आयुष्य प्रत्येक फेरीला थोडंथोडं खर्ची पडत जातं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा एखादा भाग ‘दिसायला चांगला आहे’ या कारणावर पुन्हा बसवणं धोक्याचं. त्याने किती तास काढले हे वहीत लिहिलेलं हवं.

अशा येत्या-जात्या भाराने धातूला येणाऱ्या थकव्याची भेग सुरू होते ती एखाद्या ओरखड्यापासून, आट्यांच्या मुळापासून किंवा शाफ्टची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यापासून. ती केसाहून बारीक असते आणि काही सांगून-सवरून वाढत नाही. नुसत्या डोळ्यांना ती दिसली, तर समजायचं की बराच उशीर झालाय.

म्हणून पाना हातात घेण्याआधी इंजिनाला बाहेरूनच बोलतं करायचं. प्लग काढून, पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि त्यातली किती टक्के गळते ते मोजतात. पाच-दहा टक्के गळती असेल तर ठीक. वीसच्या पुढे गेली तर आत काहीतरी शिजतंय. मग आकड्यापेक्षा कान कामाला येतो. कार्ब्युरेटरमधून हिस्स ऐकू आलं तर आत घेणारा वॉल्व्ह बसत नाही, सायलेन्सरच्या नळीतून आलं तर बाहेर सोडणारा. तेल भरायच्या झाकणातून वारा आला तर रिंगा किंवा बोअर गेलाय, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग किंवा हेडच. दुसरी तपासणी तेलाच्या फिल्टरची. तो कापून उघडायचा, आतला चुण्यांचा कागद पिळून उजेडात पसरायचा. करड्या रंगाची बारीक पूड असेल तर ती रोजची झीज. चमकणारे रुपेरी कण बहुधा पिस्टनचे, आणि सोनेरी-तांबूस कण दिसले तर बेअरिंगचं आवरण सुटायला लागलंय. हे दोन्ही निकाल चांगले आले आणि वहीतले तास कमी असतील, तर इंजिनाला हात लावूच नये, असं मी म्हणेन. व्यवस्थित बसलेलं इंजिन हौसेखातर उघडून पुन्हा बांधणं म्हणजे बिघाडाला आमंत्रण. पण हे पथ्य पाळणारे थोडे.

उघडायचं ठरलंच तर खरी गंमत क्रँकच्या बेअरिंगमध्ये आहे. ए सीरीजच्या चार सिलिंडरना क्रँकचे टेकू तीनच, म्हणजे दोन टेकूंच्या मध्ये दोन-दोन सिलिंडर. जास्त आरपीएमला क्रँक वाकतो, लवतो, आणि मधल्या टेकूला सगळ्यात जास्त मार बसतो. म्हणून शर्यतीच्या इंजिनात मधल्या कॅपवर पोलादी पट्टी घालायची पद्धत आहे. कॅप सोडल्यावर हातात येतो तो बेअरिंग शेल, अर्धगोल, नखाएवढ्या जाडीचा. त्याच्या आतल्या अंगावर मऊ धातूचा पातळ, मंद करडा थर असतो आणि त्याखाली तांबूस थर. करडा रंग मधोमध एकसारखा विरळ झाला असेल तर ती वयाची खूण. रॉडच्या शेलवर तांबूसपणा एका बाजूच्या वरच्या कडेला आणि दुसऱ्या बाजूच्या खालच्या कडेला असा तिरका उमटला असेल तर रॉड वाकलाय. बारीक समांतर ओरखडे आणि त्यात रुतलेले काळे कण दिसले तर मागच्या खेपेला इंजिन बांधताना साफसफाईत कुचराई झाली. रॉडच्या वरच्या शेलवर भार येतो स्फोटाचा, खालच्या शेलवर पिस्टनच्या हिसक्याचा. त्यामुळे खालचा शेल वरच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला, तर चालकाने गिअर उतरवताना काय काय केलं ते तो शेल सांगून टाकतो. मालक आणि चालक एकच माणूस असल्याने भांडायलाही कुणी नसतं.

नवे शेल बसवल्यावर क्रँक आणि शेलमधली फट मोजायची. त्यासाठी मेणासारख्या प्लास्टिकचा बारीक धागा मिळतो. तो क्रँकच्या घाटावर, म्हणजे बेअरिंगात फिरणाऱ्या गोल भागावर, आडवा ठेवायचा, कॅप ठरल्या टॉर्कने आवळायची, क्रँक तसूभरही न फिरवता पुन्हा सोडायची आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी सोबतच्या पट्टीवर जुळवायची. जितका रुंद, तितकी फट कमी. ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, साधारण तीन ते सहा भाग. इथे इंग्लंडची थंडी आडवी येते. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन फुगतं. उबदार घरातून मायक्रोमीटर आणला आणि पाच अंशांवरच्या शेडमध्ये थंडगार क्रँक मोजला, तर पन्नास मिलिमीटरच्या घाटावर जवळजवळ शंभराव्या भागाची चूक होते, म्हणजे सगळ्या फटीचा साधारण सहावा ते तिसरा हिस्सा. मोजमापाचं जगभरचं ठरलेलं तापमान २० अंश आहे ते उगाच नाही. जाणते लोक क्रँक, ब्लॉक आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत रात्रभर एकत्र ठेवतात. घरात क्रँक आणून ठेवल्यावर घरच्यांशी जे बोलणं होतं त्याला मात्र तांत्रिक उपाय नाही.

उबेचा आणखी एक त्रास. दमट, गरम हवा थंड लोखंडावर आली की दव धरतं आणि घासून चकचकीत केलेल्या बोअरवर एका रात्रीत तांबूस झाक चढते. तेलाचा हात फिरवून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्याशिवाय इंजिनाचा कुठलाही उघडा भाग सोडू नये.

क्रँक, रॉड, पुढच्या चाकांचे स्टब अ‍ॅक्सल आणि मागचे हाफशाफ्ट हे सगळं चाचणीसाठी वर्कशॉपात जातं. पोलादी भागाला चुंबकत्व देतात, त्यावर लोखंडाची चमकणारी बारीक पूड मिसळलेला द्रव ओततात आणि अंधारात अतिनील दिव्याखाली धरतात. भेग असेल तिथे चुंबकाच्या रेषा बाहेर फुटतात, पूड तिथे गोळा होते आणि हिरवट रेघ लकाकते. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही. त्याला लाल रंग फासतात, पुसतात आणि वर पांढरी भुकटी मारतात. भेगेत शिरलेला रंग पांढऱ्यावर झिरपून वर येतो. खर्चाच्या मानाने इतकं मोलाचं दुसरं काम सबंध हिवाळ्यात नाही.

मिजेटच्या हाफशाफ्टची बदनामी जुनी आहे. ताकद वाढवलेल्या इंजिनाने, चिकट टायरांनी सुटताना क्लच झटकन सोडला की सगळा पीळ त्या दोन दांड्यांवर येतो. यावर एक साधी युक्ती करतात. नवा शाफ्ट बसवण्याआधी त्याच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगाची सरळ रेघ ओढायची. हिवाळ्यात शाफ्ट बाहेर काढायचा आणि रेघ पाहायची. ती मळसूत्रासारखी वळलेली दिसली तर पोलाद कायमचं पिळलं गेलंय आणि तो शाफ्ट भंगारात जातो, मग चाचणीत भेग सापडो न सापडो.

पुढच्या चाकांची रचना तर आणखी जुन्या वळणाची. डँपरचा हातच वरच्या विशबोनचं काम करतो आणि चाक वळतं ते उभ्या किंगपिनवर. खालची पिन आट्यांवर फिरते. वेळच्या वेळी ग्रीस मारलं नाही तर ते आटे झिजून सुरीसारखे धारदार होतात. चाक जमिनीवरून उचलून, वर आणि खाली धरून हलवलं की ढिलेपणा हाताला कळतो, पण तो चाकाच्या बेअरिंगचा की किंगपिनचा हे कसं ओळखायचं? कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या मेकॅनिकलाही हे नव्याने सांगायला नको. शर्यतीच्या गाडीत या ढिलेपणाची किंमत दुहेरी असते. एक धोका, आणि दुसरं म्हणजे चाकांची कोनजुळणी कितीही बारकाईने केली तरी पहिल्या वळणावर ती बिघडते.

ब्रेकची प्लेट, लाइनिंग सगळे बदलतात; ब्रेक ऑइलकडे दुर्लक्ष होतं. ते हवेतला ओलावा पितं. डॉट-४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की तीच हद्द १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. शर्यतीत पुढच्या डिस्क लालभडक होण्याइतक्या तापतात, कॅलिपरमधलं ऑइल उकळून त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. ऑइल बदलायचं ते हिवाळ्याच्या शेवटी, पहिल्या शर्यतीच्या तोंडावर. नोव्हेंबरात बदललेलं ऑइल मार्चपर्यंत इंग्लंडची ओल पीत बसतं.

पेट्रोलची कथा आपल्याला जवळची वाटेल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. आपल्याकडे तर वीस टक्क्यांवरून वाद रंगले. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने आतून फुगतात, भुसभुशीत होतात, आणि त्यांचा काळा चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन अडकतो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालायच्या, फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवायची, एवढंच.

मिजेटला स्वतंत्र चॅसी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार वाहते आणि दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, हा तिचा कणा. गंज तिथे आतून चढतो. बाहेरचा रंग शाबूत आणि आत चाळण. पेचकसाचा दांडा ठोकून आवाज ऐकला की कळतं. सिल कापायची तर आधी दरवाजाच्या चौकटीत आडवा टेकू वेल्ड करावा लागतो, नाहीतर गाडी मधोमध खचते आणि नंतर दरवाजा लागत नाही. हंगामात कुठेतरी धडक झालीच असेल तर बॉडी सरळ आहे का हे पाहायला गवंड्याचा ओळंबा सगळ्यात भरवशाचा. सस्पेन्शन जिथे बसतं त्या डाव्या-उजव्या बिंदूंवरून तो सोडायचा, जमिनीवर खडूने फुल्या मारायच्या, गाडी बाजूला ढकलायची आणि फुल्यांचे कर्ण मोजायचे. दोन कर्ण जुळले तर बॉडी चौकोनी. दहा-बारा मिलिमीटरचा फरक आला तर गाडी वळण एका बाजूला चांगलं आणि दुसऱ्या बाजूला वाईट का घेते याचं उत्तर मिळालं. रंगकाम वसंत ऋतूपर्यंत टाळावं. गारठ्यात रंग नीट वाळत नाही, आणि कडक वाळणाऱ्या दुपदरी रंगांतली आयसोसायनेट नावाची रसायनं फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात. बंद शेडमध्ये साधा रुमाल बांधून असा रंग फवारणं हा शुद्ध वेडेपणा.

एव्हाना जानेवारी उजाडलेला असतो, दिवस आठ तासांचा, आणि कामांची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत चाललेली. क्लच प्लेट बदलायला इंजिन काढलं, तर हातासरशी गिअरबॉक्सही उघडू. गिअरबॉक्स बाहेर आलाच आहे, तर त्यामागचं वायरिंगही नवं करू. अर्धवट उघडलेल्या गाड्या हंगाम सुरू झाला तरी स्टँडवर राहतात त्या याच मोहामुळे. काम काढताना प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारावा, हा तुटला तर शर्यत थांबेल का किंवा कुणाला इजा होईल का. दोन्हीचं उत्तर नाही असेल तर तो भाग पुढच्या वर्षावर ढकलावा.

मग ताकद वाढवायचीच नाही का? वाढवावी, पण कुठे हात घालायचा हे कळून. ए सीरीजच्या हेडला चार सिलिंडरसाठी पाचच दारं आहेत, दोन आत घेण्याची आणि तीन बाहेर सोडण्याची. म्हणजे दोन-दोन सिलिंडर एकाच वाटेने श्वास घेतात. स्फोटांचा क्रम १-३-४-२ असल्याने दुसऱ्याच्या पाठोपाठ लगेच पहिला हवा ओढतो, नंतर बराच वेळ सामसूम, आणि एकाच्या तोंडचा घास दुसरा पळवतो. त्यामुळे चारही सिलिंडरना सारखं मिश्रण कधीच मिळत नाही. हॅरी वेस्लेक यांनी बदामी आकाराचं ज्वलनकक्ष आखून या इंजिनाला जन्मतःच चांगला श्वास दिला होता. डेव्हिड व्हिजर्ड यांच्यासारख्या माणसाने या इंजिनाच्या ट्यूनिंगवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याचंही बरंचसं सार हेडच्या वाटा कशा सुधाराव्यात याच्याशीच येऊन मिळतं. म्हणून एका हिवाळ्यात पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर ते चांगल्या माणसाकडून हेड करून घेण्यात. भारी कॅमशाफ्ट आणि मोठाले कार्ब्युरेटर आधी घेणं म्हणजे आधी कळस मग पाया.

जुळवणीचे दिवस कंटाळवाणे असतात आणि तसेच असावेत. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने आवळला की त्यावर रंगाचा ठिपका; ठिपका नाही म्हणजे बोल्ट आवळलेला नाही. चाकांखाली चार वजनकाटे ठेवून, चालकाच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती ठेवून, भार चारी कोपऱ्यांना वाटून घेतात. बाजूने ताणलेल्या दोरीवरून चाकांची दिशा जुळवतात. लेसरची यंत्रं मिळतात, पण दोरी आजही चुकत नाही.

नव्या कॅमशाफ्टचं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना मात्र धीर धरून चालत नाही. सुरू होताच ते सरळ २,००० आरपीएमच्या पुढे न्यायचं आणि वीसेक मिनिटं तिथेच ठेवायचं. या इंजिनातले टॅपेट कॅमवर घासत चालतात आणि त्यांना तेल मिळतं ते फिरत्या क्रँकने उडवलेलं. मंद गतीवर ते पुरत नाही आणि नवा कॅम पहिल्याच तासात झिजून जातो. म्हणून प्लगशिवाय स्टार्टर फिरवून तेलाचा दाब आधीच उभा केलेला हवा, इग्निशनची वेळ अंदाजाने का होईना जुळलेली हवी आणि पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचलेलं हवं. त्यानंतर सरावाच्या दिवशी दहा फेऱ्या, हेडचे नट पुन्हा तपासणं, वॉल्व्हच्या फटी पुन्हा बारा थाऊवर आणणं आणि गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून कुठून काय ठिबकतंय ते पाहणं. क्रँकच्या मागच्या टोकाला या इंजिनात नीट ऑइल सील नाहीच, फक्त तेल आत परतवणारे आटे आहेत. तिथून चार थेंब पडणारच. त्यांच्या मागे लागून पुन्हा इंजिन उतरवू नये.

पहिल्या शर्यतीच्या सकाळी सुरक्षा तपासनीस येतो. तो चाक धरून हलवतो, ब्रेकचं पेडल दाबून काही क्षण तसंच धरतो आणि बाहेरून बंद करायचा बॅटरीचा स्विच ओढून इंजिन खरोखर थांबतं का ते पाहतो. मग सीटच्या पट्ट्यांवरची मुदतीची तारीख वाचतो, आग विझवायच्या बाटलीचं लेबल पाहतो, हेल्मेटवरचा शिक्का तपासतो, आणि सगळं पटलं तर गाडीवर मंजुरीची चिठ्ठी चिकटवून पुढच्या गाडीकडे वळतो. हेडच्या वाटांवर महिनाभर खपलेल्या माणसाला त्याबद्दल तो एक शब्दही विचारत नाही.